परसातलं स्वयंपाकघर : आधी वारा बघा, मग वीट लावा



होळी झाली की आपल्या नाशिक जिल्ह्यात घरोघरी वाळवणाची घाई सुरू होते. कुठे कुरडयांसाठी गहू भिजत पडतो, कुठे उडदाचे पापड लाटले जातात. पेठ-सुरगाण्याकडे नागलीचे पापड, मालेगाव-सटाण्याकडे बिबड्या. आणि त्याच दिवसांत गटाच्या बैठकीत दरवर्षी कुणीतरी विचारतं, "ताई, चिकाचं मोठं पातेलं घरातल्या ओट्यावर मावत नाही. मागे परसात एक पक्की जागा करून घ्यावी म्हणते. काय काय लागेल?" आज या प्रश्नाचं उत्तर जरा सावकाशीनं देऊ या.

परसात रांधणं आपल्याला नवीन नाही. अंघोळीच्या पाण्याची चूल मागच्या अंगणातच असायची. लग्नकार्यात आचारी चुलाण खणतो ते उघड्यावरच. खापरावरचे मांडे घराच्या आत कुणी करत नाही. शहरात आता याच गोष्टीला आउटडोअर किचन म्हणतात आणि त्याचे चकाचक फोटो बघायला मिळतात. त्या फोटोंत पाऊस नसतो, धूर नसतो आणि खरकट्या भांड्यांचा ढीगही नसतो. आपल्याला मात्र या तिन्हींचा विचार करावा लागतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की गवंड्याला बोलवायच्या आधी चार गोष्टी बघा : वारा, ऊन-पाऊस, पाणी आणि तिथे उभ्या राहणाऱ्या बाईची उंची. या चार गोष्टी ठरल्या की वीटकाम थोड्या दिवसांचं असतं. त्या न बघता बांधलेला ओटा पुढे सरपण आणि भंगार ठेवायलाच उरतो.

वारा आणि धूर

बाहेर चूल मांडली की धुराचा प्रश्न मिटला, असं पुष्कळ जणींना वाटतं. घरातला धूर कमी होतो हे खरं. पण चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या नाकात तो बाहेरही जातोच. वाऱ्याची दिशा चुकली तर तोच धूर मागच्या दारानं घरात येतो, नाहीतर शेजारणीच्या घरात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात स्वयंपाकाच्या इंधनामुळे घरात कोंडणाऱ्या धुरानं जगभरात सुमारे ३२ लाख माणसं अकाली गेली. यात बाया आणि लहान मुलं जास्त सापडतात, कारण चुलीजवळ तीच असतात. खोकला, दमा, डोळ्यांची जळजळ याला आपण "चालायचंच" म्हणतो. ते चालवून घ्यायचं नाही, म्हणून तर जागा नीट निवडायची.

आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. हिवाळ्यात तो पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. पण हे झालं मोकळ्या रानाचं. तुमच्या परसात शेजारची भिंत, गोठा, मोठं झाड यांना अडून वारा वळतो. म्हणून पुस्तकातली दिशा धरू नका, स्वतः तपासा. एका घमेल्यात गोवरी पेटवा, वर थोडं ओलसर गवत टाका आणि जिथे चूल करायची तिथे ठेवा. सकाळी, दुपारी चार वाजता आणि दिवेलागणीला, असं तीन वेळा बघा. धूर कुठे जातो ते लक्षात ठेवा. शक्य झालं तर हे उन्हाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा करा.

वाऱ्याच्या बाजूला तीन फुटांची आडभिंत घ्या. त्यानं जाळ फडफडत नाही आणि सरपणही वाचतं. पण चारही बाजू बंद करू नका, नाहीतर परसात दुसरं कोंदट घरच बांधल्यासारखं होईल. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये फूटभर फट राहू द्या, म्हणजे वर साठलेला धूर निघून जाईल.

लाकडाची चूल ठेवायचीच असेल तर धुराडं असलेली सुधारित चूल घ्या. आपल्या महाराष्ट्रात हे काम जुनं आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल आली. पुढे १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि गावोगाव बिनधुराच्या चुली बसल्या. त्यातल्या पुष्कळ बंदही पडल्या. धुराडं कोण आणि कसं साफ करणार हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि चुलीचं तोंड घरातल्या भांड्यांना बसत नव्हतं. यातून आपण एक गोष्ट घ्यावी. चूल बसवणाऱ्यापुढे आपलं नेहमीचं पातेलं आणि तवा ठेवावा आणि त्याच मापाची चूल करून घ्यावी. धुराडं छपराच्या वर दोन-तीन फूट निघालं पाहिजे. खालच्या बाजूला काजळी काढायला झाकणाचं तोंड ठेवा आणि महिन्यातून एकदा काजळी काढा.

सरपण कोरडंच वापरा. ओल्या लाकडाचा काही जाळ त्यातलं पाणी आटवण्यातच जातो आणि धूर वाढतो. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड आणि प्लास्टिक चुलीत अजिबात घालू नका. सरपणाचा ढीग भिंतीला टेकवून जमिनीवर रचू नका, त्यात साप-विंचू बसतात. दगडांवर किंवा लोखंडी घोडीवर, जमिनीपासून फूटभर उंच आणि भिंतीपासून सुटं ठेवा.

ऊन आणि पाऊस

नाशिक जिल्हा एक असला तरी पाऊस दोन तऱ्हेचा आहे. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. सिन्नर-येवल्याकडे तो पाचशे-सहाशेच्या आसपास असतो. त्यामुळे येवल्यातल्या बहिणीकडे बघून इगतपुरीतल्या बहिणीनं तसंच छप्पर करू नये. जास्त पावसाच्या भागात छपराला उतार जास्त द्या, कडेला दोन-अडीच फुटांच्या पागोळ्या ठेवा आणि जोता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच घ्या. कमी पावसाच्या भागात सहा ते नऊ इंचांचा जोता पुरतो. तिथे खरा त्रास उन्हाचा असतो.

चैत्र-वैशाखात दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन सगळ्यात छळतं. ओट्याचं तोंड पश्चिमेला असेल तर चार वाजता तिथे उभं राहवत नाही. म्हणून पश्चिमेची बाजू भिंतीनं, जाळीच्या विटांनी किंवा वेलानं झाका. छपराला पत्रा स्वस्त पडतो, पण खूप तापतो. पत्राच घालायचा असेल तर वरून पांढरा रंग द्या आणि छप्पर उंच ठेवा, खालच्या कडेला आठ फूट आणि वरच्या कडेला साडेनऊ-दहा फूट. कौलं मिळत असतील तर ती थंड राहतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. द्राक्षबागा आणि रोपवाटिकांमुळे आपल्याकडे हिरवी शेडनेट सहज मिळते. पण ती प्लास्टिकची असते. चुलीवर किंवा शेगडीवर शेडनेट, ताडपत्री, गवत यांचं छप्पर कधीही नको. वाळवणाच्या जागेवर पाखरांसाठी जाळी लावायला हरकत नाही, पण ती जाळापासून लांब लावा.

जमीन आणि पाणी

गोदाकाठच्या गावांत काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट ओटा उभा केला तर एकदोन वर्षांत तडे जातात. ओट्याखालची काळी माती काढून टाका, मुरूम भरा, पाणी मारून चोपून घ्या, मग दगड-विटांचं काम करा. खाली मुरमाड जमीन असेल तर एवढा खर्च लागत नाही.

फरशी खरबरीत शहाबादी घ्या. गुळगुळीत टाइल सांडलेल्या पाण्या-तेलानं निसरडी होते, आणि हातात उकळता चीक असताना पाय घसरला तर काय होतं ते सांगायला नको. फरशीला दहा फुटांत दीड-दोन इंच उतार द्या आणि तो घराच्या उलट बाजूला असू द्या.

आता सांडपाणी. बांधकामात सगळ्यात शेवटी आठवतं ते हेच. भांड्यांचं पाणी परसात सोडलं की चिखल, चिखलात डास आणि मग दवाखाना. त्यापेक्षा शोषखड्डा करा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून गटारांचं पाणी आणि डास दोन्ही कमी केले, आणि तो नांदेडचा नमुना पुढे इतर गावांनीही घेतला. साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घेतात. खाली मोठे दगड, वर लहान दगड भरतात आणि मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची छोटी टाकी किंवा माठ बसवतात. टाकीत गाळ बसतो आणि पाणी भोकांतून दगडांत मुरतं. खरकटं अडवायला मोरीच्या तोंडाशी जाळी लावा आणि टाकीतला गाळ मधूनमधून काढा. जमीन नुसती काळी असेल तर पाणी लवकर मुरत नाही. तिथे केळी, कर्दळ, अळू लावून त्यांना पाणी द्या. विहीर किंवा बोअर असेल तर शोषखड्डा तिच्यापासून पन्नास फूट तरी लांब हवा. या कामाला योजनेतून काही मदत मिळते का, हे ग्रामपंचायतीत जरूर विचारा.

पिण्या-रांधण्याच्या पाण्याची तोटी ओट्याजवळच हवी. रोज वीस हंडे आत-बाहेर करायचे असतील तर बाहेरचं स्वयंपाकघर हे बाईचं काम वाढवणारंच ठरेल.

बाईची उंची

मैत्रिणींनो, गवंडी ओट्याचं माप विचारत नाही. त्याच्या हाताला बसलेलं एक माप असतं, त्यावर तो बांधून जातो. आणि मग वीस वर्षं आपली कंबर त्या मापाला जुळवून घेत राहते.

माप असं काढा. सरळ उभ्या राहा आणि हात कोपरात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंत किती इंच होतात ते मोजा. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर साधारण ३७-३८ इंचांवर येतं. भाजी चिरायचा, निवडायचा ओटा कोपरापेक्षा चार-पाच इंच खाली, म्हणजे सुमारे ३३ इंच. भाकरी थापताना, पीठ मळताना वरून जोर द्यावा लागतो, तिथे आणखी दोन-तीन इंच खाली, म्हणजे ३० इंच.

आणि मोठ्या पातेल्यासाठी हिशेब वेगळा. चीक घोटताना पातेल्याची कड कोपराच्या किंचित खाली यायला हवी. पातेलं १२ इंच उंच, शेगडी ६ इंच, तर खालचा कट्टा १८ इंचांचाच हवा. हेच पातेलं ३३ इंचांच्या ओट्यावर ठेवलं तर कड छातीच्याही वर येते, हात खांद्यापासून उचलावे लागतात, वाफ तोंडावर येते आणि उतरवताना अंगावर सांडायची भीती राहते. म्हणून परसात एकाच उंचीचा लांबलचक ओटा करू नका. एक उंच ओटा आणि एक बुटका कट्टा, असे दोन करा. घरात दोन-तीन जणी काम करत असतील तर जी सगळ्यात जास्त वेळ उभी राहते तिचं माप धरा. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना बसून निवडता-लाटता येईल असा रुंद कठडाही ठेवा.

दहा फूट बाय आठ फूट जागेत हे सगळं बसतं. धुणं, चिरणं, शिजवणं, वाढणं हा क्रम सरळ ठेवा, म्हणजे गरम भांडं घेऊन फेऱ्या माराव्या लागत नाहीत. गोठा आणि संडास यांच्यापासून जागा लांब हवी, पण घराच्या मागच्या दारापासून जवळ हवी.

गॅस, वीज आणि जीव

गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली बसतो आणि खोलगट जागेत साठतो. म्हणून सिलिंडर खड्ड्यात, मोरीच्या तोंडाशी किंवा बंद कपाटात ठेवू नका. उभाच ठेवा, सावलीत ठेवा. लाकडाची चूल आणि सिलिंडर एका ओट्याखाली कधीच नको. मध्ये भिंत हवी आणि जागा देईल तितकं अंतर हवं. घरगुती शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी असं सांगितलं जातं. त्यामुळे बुटक्या कट्ट्यावर गॅसची भट्टी बसवायची असेल तर सिलिंडरची जागा आणि पाइप गॅस वितरकाच्या माणसाला दाखवूनच ठरवा. पाइप दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको आणि पाच वर्षांनी तो बदला. गळतीचा वास आला तर १९०६ या नंबरवर फोन करा, पण फोन लावायला आधी तिथून लांब जा. विक्रीसाठी माल करत असाल तर घरगुती सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो.

वीज बाहेर न्यायची तर अर्थिंग हवं आणि शॉक लागताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवून घ्या. मिक्सरचा पॉइंट ओट्याच्या वर, पाणी उडणार नाही असा झाकणाचा. दिवा पाठीमागे लावला तर आपलीच सावली कामावर पडते, म्हणून तो समोर लावा. मागच्या दारापासून ओट्यापर्यंतच्या वाटेवरही एक दिवा असू द्या. पहाटे चार वाजता चीक शिजवायला उठणारी बाई अंधारात चाचपडत जाऊ नये.

जाळाजवळ सुती कपडे घाला, पदर खोचा, ओढणी काढून ठेवा. भाजलंच तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. फोड आले किंवा जागा मोठी असली तर लगेच दवाखाना गाठा.

पैसा आणि घरातली परवानगी

सगळं एकदम करायला हवं असं नाही. पहिल्या वर्षी जोता, फरशी, पाणी आणि शोषखड्डा करा. दुसऱ्या वर्षी छप्पर आणि ओटे. वीज आणि जाळी त्यानंतर. आधी ओटा आणि मग फरशी, असं उलटं केलं तर तोडफोड होते.

गटाचं कर्ज घेणार असाल तर बैठकीत हिशेब मांडा. समजा २०,००० रुपये कर्ज, दरमहा १ टक्का व्याज आणि १० हप्ते. पहिल्या महिन्यात २,००० मुद्दल आणि २०० व्याज, म्हणजे २,२०० रुपये. पुढे व्याज दर महिन्याला वीस रुपयांनी उतरत जातं आणि एकूण व्याज १,१०० रुपये होतं. आता समजा एक किलो कुरडईमागे खर्च वजा जाता ४० रुपये सुटतात, तर त्या पहिल्या हप्त्यासाठी ५५ किलो कुरडया विकाव्या लागतील. एवढं गिऱ्हाईक आहे का? असेल तर कर्ज घ्या. नसेल तर जोता आणि मोरी बचतीतून करा आणि थांबा. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला कुंभमेळा आहे, मागणी वाढेल, असं सगळ्या म्हणतात. वाढेलही. पण मेळा संपल्यावरही हप्ता चालू राहतो, हे ध्यानात ठेवा.

खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी लागते. स्वच्छ फरशी, झाकलेली जागा आणि चांगलं पाणी त्यासाठीही कामाला येतं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत बचत गटातल्या सदस्यांना प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद होती. सध्या काय चालू आहे ते उमेदच्या तालुका कक्षात विचारून घ्या. शेड उभी करण्याआधी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत परवानगीचं विचारा आणि शेजाऱ्याची हद्द सोडा. जागा भाड्याची असेल तर पक्कं बांधकाम करू नका. सुटा लोखंडी ओटा घ्या, घर बदललं की बरोबर नेता येतो.

घरात कुणीतरी म्हणेलच, "आहे की चूल, एवढा खर्च कशाला?" त्यांना रागानं उत्तर देऊ नका. एक दिवस चीक घोटायला बोलवा आणि अर्धा तास त्या ओट्याशी उभं राहू द्या. आणि कर्ज तुमच्या नावावर असेल तर घराच्या नमुना आठच्या उताऱ्यावरही तुमचं नाव आहे का, हे त्याच वेळी बघून घ्या. फेडणार तुम्ही, तर नावही हवं.

आता या आठवड्यात करायचं काम सांगते. चुन्याची फक्की घेऊन परसात दहा बाय आठची चौकट आखा. कुठे ओटा, कुठे कट्टा, कुठे मोरी, सगळं जमिनीवर काढा. मग सिमेंट न लावता विटा रचून आपल्या मापाचा कट्टा करा आणि एक दिवसाचा पूर्ण स्वयंपाक तिथेच करा. कुठे ऊन लागलं, कुठे धूर आला, पाण्यासाठी किती फेऱ्या झाल्या, कंबर कुठे दुखली, ते संध्याकाळी वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी विटा सरकवा आणि पुन्हा करून बघा. सुट्या विटा सरकवायला काही खर्च येत नाही. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या, सगळ्या मिळून बघू.